दंड : शिक्षा की भाडं?

एका इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्याचं महिन्याचं बजेट कधी कागदावर मांडून पाहिलंत का? मेस, रूमभाडं, झेरॉक्स, मोबाईलचा रिचार्ज, पेट्रोल आणि या सगळ्यात हळूच बसलेला एक खर्च म्हणजे दंड! लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं, दंड. परीक्षेचा फॉर्म उशिरा भरला, लेट फी. आय-कार्ड गळ्यात नाही, दंड. शनिवारी ट्रिपल सीट खामगावला गेलो, चौकात पोलिसमामा उभे, पुन्हा दंड. कुणी याला ‘चहापाणी’ म्हणतं, कुणी ‘पावती फाडली’ म्हणतं, पण पैसे खिशातूनच जातात.

पैसे जातात हे सगळ्यांना कळतं. पण ते का घेतात, किती घ्यावेत आणि सगळ्यांकडून सारखेच घ्यावेत का, यावर आपण फारसा विचार करत नाही. मशीनचा एखादा पार्ट का आहे हे विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही ना? मग कायद्याच्या मशीनमधला हा पार्टसुद्धा एकदा उघडून बघू. मी काही वकिलीचा विद्यार्थी नाही, पण थोडं वाचलं, थोडं आजूबाजूला पाहिलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

दंड म्हणजे काय रे भाऊ?

आपल्या भाषेत ‘दंड’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे बाहू, दंड म्हणजे शिक्षा आणि दंड म्हणजे पैसेही. राजाच्या हातातली काठी हळूहळू पावतीपुस्तकात कशी आली, त्याचा सगळा इतिहास या एका शब्दात आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दंडाच्या चक्क पायऱ्या आहेत. पहिला साहसदंड ४८ ते ९६ पण, मधला २०० ते ५०० पण आणि सगळ्यात वरचा ५०० ते १००० पण. म्हणजे ‘गुन्हा जेवढा मोठा तेवढा आकडा मोठा’ ही कल्पना दोन हजार वर्षं जुनी आहे. मराठेशाहीतल्या न्यायव्यवस्थेत तर आणखी मजा होती. वाद जिंकणाऱ्याने सरकारात जी रक्कम भरायची तिला ‘हरकी’ म्हणत आणि हरणाऱ्याकडून जी घेत तिला ‘गुन्हेगारी’! आज आपण गुन्हेगारी म्हटलं की चोऱ्या-माऱ्या आठवतात, त्या काळच्या कागदांत तो वसुलीचा एक प्रकार होता. जिंकलात तरी पैसे भरा, हरलात तरी भरा. यावरून एक गोष्ट लक्षात येते. दंड हा फक्त न्यायाचा विषय कधीच नव्हता, तिजोरीचाही होता. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, ध्यानात ठेवा.

दंड कशासाठी?

माझ्या मते दंडाची चार कामं आहेत.

पहिलं काम धाक बसवण्याचं. पुढच्या वेळी तुम्ही तसं करू नये आणि तुमच्याकडे पाहून दुसऱ्यानेही करू नये.

दुसरं काम अद्दल घडवण्याचं. तुम्ही चूक केली, समाजाला ती आवडली नाही, हे काहीतरी गमावून तुम्हाला कळलं पाहिजे. इथे रक्कम मोठी असलीच पाहिजे असं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयाच्या अवमानाच्या प्रकरणात ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांना किती दंड केला होता माहीत आहे? फक्त १ रुपया! भरला नाही तर तीन महिने कैद आणि तीन वर्षं वकिलीला बंदी. त्यांनी रुपया भरला. त्या एका रुपयाने कुणाचा खिसा रिकामा झाला नाही, पण ‘दोषी’ हा शब्द तेवढ्याने लागला.

तिसरं काम भरपाईचं. ज्याचं नुकसान झालं त्याला काहीतरी मिळालं पाहिजे. वसूल झालेल्या दंडातून पीडिताला भरपाई देण्याचा अधिकार आपल्या कायद्याने न्यायालयाला दिलेला आहे. तुरुंगवासाने ही सोय होत नाही.

आणि चौथं, जे कुणी मोठ्याने बोलत नाही, ते काम म्हणजे तिजोरी भरणं.

दंडाचा मोठा फायदा असा की तो स्वस्त पडतो. माणसाला तुरुंगात टाकलं तर त्याला सरकारने पोसायचं, त्याची नोकरी जाते, घर उघड्यावर पडतं. दंड केला तर माणूस संध्याकाळी घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर. हेल्मेट घातलं नाही म्हणून कुणी कुणाला तुरुंगात टाकावं असं मी तरी म्हणणार नाही. छोट्या गुन्ह्यांना दंडच बरा, हे मान्य. अडचण पुढे सुरू होते.

शेगाव ते अकोला : एक गणित

आता आपला आवडता विषय, गणित. समजा शेगावहून अकोल्याला जायचं रेल्वेचं तिकीट ३० रुपये आहे. विनातिकीट सापडलात तर भाडं भरायचंच, वर जादा आकार. हा आकार कमीत कमी किती घ्यायचा ती रक्कम २००४ साली ५० वरून २५० रुपये झाली. हिशेबाला आपण तीच धरू. म्हणजे सापडलात तर ३० + २५० = २८० रुपये.

दहा फेऱ्या तिकीट काढून केल्या तर ३०० रुपये. दहा फेऱ्या विनातिकीट केल्या आणि एकदाच टी.सी. भेटला तर २८० रुपये. २० रुपये फायदा! वीस फेऱ्यांत एकदाच भेटला तर विचारूच नका. (मासिक पास काढला तर त्याहून स्वस्त पडतं, पण पोट्ट्यांना सांगणार कोण?)

हे गणित मी शोधलेलं नाही. गॅरी बेकर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली ते मांडलं आणि पुढे १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांना ते कसं सुचलं ते आपल्यासारखंच आहे. एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला ते निघाले होते आणि उशीर झाला होता. गाडी लांबच्या पार्किंगमध्ये लावावी की रस्त्यावरच लावून चिठ्ठी फाटण्याचा धोका घ्यावा, असा प्रश्न पडला. त्यांनी मनातल्या मनात दंड आणि सापडण्याची शक्यता यांचा गुणाकार केला आणि गाडी रस्त्यावर लावली. म्हणजे नियम मोडणारा प्रत्येक जण वाईट असतो असं नाही, पुष्कळदा तो हिशेबी असतो.

या गुणाकारात दोन आकडे आहेत, दंडाची रक्कम आणि सापडण्याची शक्यता. सरकारला पहिला आकडा वाढवणं फार सोपं. अधिसूचना काढली की झालं. दुसरा वाढवायचा तर माणसं लागतात, कॅमेरे लागतात, रोज उभं राहावं लागतं. म्हणून सगळीकडे पहिलाच आकडा वाढतो. पण इटलीतल्या बेकारिया नावाच्या विचारवंताने १७६४ सालीच सांगून ठेवलं होतं की शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती नक्की होणार की नाही, यावर तिचा धाक ठरतो. आपल्याला तर हे अनुभवाने ठाऊक आहे. ज्या सरांची हजेरी रोज होते त्यांच्या लेक्चरला वर्ग भरलेला असतो, आणि जे सर महिन्यातून एकदा येऊन ‘सगळ्यांना डिटेन करीन’ म्हणतात त्यांच्या लेक्चरला बेंच रिकामे!

पैसे भरले, मग बोलायचं काय काम?

बेकरसाहेबांच्या गणिताला एक धक्का बसला तो इस्राएलमधल्या हैफा शहरात. तिथल्या दहा पाळणाघरांत दोन संशोधकांनी, उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी, एक प्रयोग केला. आई-बाप मुलांना न्यायला उशिरा येत आणि शिक्षिकांना ताटकळत बसावं लागे. मग सहा पाळणाघरांत दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर दंड लावला. काय व्हायला हवं होतं? उशीर कमी व्हायला हवा होता. झालं उलटंच. उशिरा येणारे वाढले, जवळजवळ दुप्पट झाले! कारण आधी आई-बापांना शिक्षिकेपुढे ओशाळवाणं वाटायचं. दंड आल्यावर ते म्हणू लागले, पैसे देतो ना? दंड हे उशिराचं भाडं झालं. पुढे दंड बंद केला तरी गेलेली लाज परत आली नाही. हा अभ्यास २००० साली छापून आला.

मला वाटतं, आपल्या जिल्ह्यात हे समजायला हैफाला जायची गरज नाही, नदीवर गेलं तरी पुरे. खडकपूर्णा असो की पूर्णा, रेतीची चोरी हा आपल्याकडचा जुना रोग आहे. रात्री टिप्पर भरून निघतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८व्या कलमात चोरीच्या गौण खनिजावर बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड आहे आणि वाहन जप्त करण्याचीही सोय आहे. कागदावर बघा, किती चांगलं डिझाइन आहे! जेवढी चोरी मोठी तेवढा दंड मोठा. पण पाच पट दंड तेव्हाच पुरतो जेव्हा पाचातला निदान एक टिप्पर सापडतो. वीस फेऱ्यांत एकदा गाडी धरली गेली तर उरलेल्या एकोणीस फेऱ्या तो दंड भरून वर नफा देतात. मग दंड ही शिक्षा राहत नाही, डिझेलसारखा धंद्याचा खर्च होतो. तिकडे विहिरीचं पाणी खाली जातं ते नदीकाठच्या शेतकऱ्याचं. पात्रातून गेलेली रेती पावतीने परत येत नाही.

म्हणून दंड लावताना आधी एक गोष्ट ठरवायला हवी. ही गोष्ट पैसे घेऊन चालवून घ्यायची आहे, की अजिबात होऊ द्यायची नाही? पार्किंगचं पहिल्या प्रकारात चालेल. नदी खरवडणं, दारू पिऊन गाडी चालवणं या दुसऱ्या प्रकारातल्या गोष्टी आहेत. तिथे नुसती पावती फाडून उपयोग नाही.

हजार रुपये सगळ्यांचे सारखेच का?

आता लेखाच्या मुख्य मुद्द्यावर येतो.

एका कॉलेजातली गोष्ट आहे, नाव कशाला सांगा. हजेरी कमी भरली म्हणून दोन मुलांना दोन-दोन हजार दंड झाला. दोघंही माझे शाळेपासूनचे मित्र. पहिल्याने घरी फोन केला आणि अर्ध्या तासात पैसे आले, संध्याकाळी तो आम्हाला हसत हसत पार्टी देत होता. दुसऱ्याचं गाव लोणारकडे, चार एकर कोरडवाहू. त्याने घरी सांगायला आठ दिवस लावले. शेवटी वडिलांनी भाव वाढेल म्हणून ठेवलेला सोयाबीनचा एक कट्टा विकला आणि एस.टी.ने पैसे घेऊन स्वतः आले. मी तेव्हा तिथेच होतो. काका पोराला रागावले नाहीत. पावती घडी करून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, “गुन्हा पोट्ट्यानं केला अन् दंड सोयाबीननं भरला. हे कोणतं इंजिनेरिंग होय बाप्पा?”

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे खरं तर त्या प्रश्नाला उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

बघा, नियम दोघांना सारखा, रक्कमही सारखी. कागदावर पूर्ण समता! पण शिक्षा सारखी झाली का? एकाला ती पार्टीच्या खर्चाएवढी, दुसऱ्याच्या घरच्या महिन्याभराच्या किराण्याएवढी. आणि ज्याला शिक्षा द्यायची होती तो बाजूला, भरणारा दुसराच. तुरुंगात निदान मुलाच्या जागी बाप जाऊन बसू शकत नाही. दंडात बसू शकतो.

हेच प्लास्टिकबंदीत दिसतं. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा पहिल्यांदा सापडल्यास ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार आणि तिसऱ्यांदा २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद असं ठरलं. बंदी हवीच होती, माझा विरोध नाही. पण चिखलीच्या आठवडी बाजारात खाली पोतं टाकून मेथीच्या जुड्या विकणाऱ्या बाईला ५ हजार आणि मुंबईतल्या मोठ्या एसी दुकानालाही ५ हजार? त्या बाईचे किती बाजार यात जातील, तुम्हीच हिशेब करा.

दुसरं टोकही बघा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. पल्सर घेऊन फिरणाऱ्या गावातल्या पोराच्या बापाला २५ हजार म्हणजे कंबर मोडली. पण मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते आठवा. भरधाव आलिशान गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनियर, म्हणजे उद्याचे तुम्ही-आम्हीच, जागच्या जागी गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता असा आरोप आहे. ज्या गाडीची किंमत कोटीच्या घरात, तिथे २५ हजारांचा आकडा कुणाला टोचणार? तिथे कैदेची तरतूदच काय ती कामाची. त्या मुलाला सुरुवातीला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली तेव्हा अख्खा देश का चिडला, याचं कारणही हेच. शिक्षेचं ओझं सगळ्यांना सारखं पडत नाही, असं लोकांना वाटलं.

फिनलंडची युक्ती

यावर उपाय नाही का? आहे. फिनलंडने १९२१ साली ‘दिनदंड’ नावाची पद्धत आणली. गुन्हा किती गंभीर त्यावर दिवस ठरतात आणि त्या माणसाच्या उत्पन्नावर एका दिवसाची रक्कम ठरते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे दंड. म्हणजे मजुराचे दहा दिवस आणि मालकाचेही दहा दिवस. दिवस सारखे, रुपये वेगळे. पुढे स्वीडननेही ही पद्धत घेतली.

२००१ साली नोकिया कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी अन्सी वान्योकी ५० च्या रस्त्यावर ७५ च्या वेगाने मोटारसायकल चालवताना सापडले. दंड किती? सुमारे १ लाख १६ हजार युरो! नंतर उत्पन्न कमी झाल्याचं दाखवून त्यांनी तो बराच कमी करून घेतला, पण जगभरात बातमी झाली.

मग आपल्याकडे का नाही? पहिली अडचण म्हणजे इथे कुणाचं खरं उत्पन्न कळणार कसं? पगारदाराचं कळतं. ज्याचा सगळा धंदा रोखीत चालतो त्याचं कागदावरचं उत्पन्न कधी कधी आपल्या प्यूनकाकांपेक्षा कमी असतं. दिनदंड लावला तर मास्तर जास्त भरतील आणि रेतीवाला कमी! दुसरी अडचण, चौकात उभ्या हवालदाराने प्रत्येकाचं उत्पन्न कसं तपासायचं? म्हणून छोट्या, चौकातल्या गुन्ह्यांना ठरलेली रक्कमच सोयीची. पण कोर्टात जाणाऱ्या मोठ्या गुन्ह्यांत ऐपत बघायला काय हरकत आहे?

एक मधला मार्ग आपल्या कायद्यातच आहे. बिना हेल्मेट किंवा ट्रिपल सीट सापडल्यास केंद्राच्या कायद्यात १ हजार रुपये दंडासोबत तीन महिने लायसन्स अपात्र करण्याची तरतूद आहे. पैसे बाप भरू शकतो, पण तीन महिने पायी चालावं लागतं ते पोरालाच! हे मला जास्त न्याय्य वाटतं. अर्थात ज्याचं पोट ऑटोवर आहे त्याच्यासाठी लायसन्स जाणं हे पैशापेक्षाही जड, तेही विसरून चालणार नाही.

दुसरा मार्ग १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आला आहे. काही किरकोळ गुन्ह्यांसाठी ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा. उदाहरणार्थ, ५ हजारांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू परत केली असेल तर समाजोपयोगी काम करायचं, बिनपगारी. वेळ ही अशी गोष्ट आहे की ती श्रीमंताला आणि गरिबाला दिवसाकाठी चोवीस तासच मिळते.

भरता आला नाही तर?

दंड भरता आला नाही तर काय होतं, हे आपल्याला सहसा माहीत नसतं. कोर्टाने केलेला दंड न भरल्यास त्याबदली कैद होऊ शकते. म्हणजे एकाच गुन्ह्यात पैसेवाला घरी आणि बिनपैशाचा आत. पैशाची शिक्षा ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्यासाठी तुरुंगाची शिक्षा होते! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली बेअर्डन खटल्यात सांगितलं की निव्वळ भरण्याची ऐपत नाही म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येणार नाही, त्याने मुद्दाम टाळलं का ते आधी बघा. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी एक योजना आणली. दंडाची रक्कम भरता येत नाही म्हणून अडकलेल्या शिक्षा झालेल्या कैद्याला २५ हजारांपर्यंत मदत. म्हणजे सरकारनेच केलेला दंड सरकारच भरणार. ऐकायला विनोदी वाटतं, पण अशी योजना काढावी लागली यातच सगळं आलं.

१८६० चे हजार रुपये

एक गंमत सांगतो. बेदरकारपणे गाडी हाकण्याबद्दल भारतीय दंड संहितेचं कलम २७९ होतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १ हजार रुपयांपर्यंत दंड. ही संहिता १८६० ची. तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या आणि घोडागाड्या होत्या आणि हजार रुपये म्हणजे मजुराची कित्येक वर्षांची कमाई. आज २०० सी.सी.ची बाईक आहे, आणि नव्या न्याय संहितेच्या कलम २८१ मध्येही आकडा तोच, १ हजार! सार्वजनिक जागी दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला जुन्या कायद्यात १० रुपये दंड होता, तो आता १ हजार झाला. हवा दूषित करण्याचा दंड ५०० वरून फक्त १ हजारावर आला.

रुपयाची किंमत दरवर्षी घसरते, कायद्यातला आकडा मात्र दगडावर कोरल्यासारखा राहतो. मग अचानक कुणीतरी जागं होतं आणि एकदम दहापट वाढ करतं. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत तेच झालं. बिना लायसन्सचा दंड ५०० वरून ५ हजार, दारू पिऊन गाडी चालवण्याचा २ हजारांवरून १० हजार. लोक इतके भडकले की गुजरातने काही दंड कमी केले आणि महाराष्ट्राने अंमलबजावणीच थांबवली. ती इथे डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. त्यापेक्षा दरवर्षी थोडी थोडी वाढ बरी नाही का? २०२३ च्या जनविश्वास कायद्यात ही अक्कल आहे. त्यातल्या दंडांच्या किमान रकमेत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ आपोआप होणार आहे.

पावती कुणाची?

दंड कोण घेतो, हाही न्यायाचाच प्रश्न आहे. महाराष्ट्रात कित्येक जातपंचायती आंतरजातीय लग्नासारख्या गोष्टींवर दंड ठोकत आल्या, आणि दंड नाही भरला तर वाळीत टाकत आल्या. त्याविरुद्ध २०१६ साली आपल्या राज्याने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि २०१७ पासून तो लागू झाला. देशातला असा पहिलाच. त्यात बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड करणाऱ्यांनाच दंड! कारण दंड करण्याचा अधिकार कायद्याने मिळतो, मिशीने नाही.

आणि चौकात ‘पावती नको, शंभर द्या आणि निघा’ असं झालं की तो दंडच उरत नाही, ना शिक्षा, ना तिजोरी. ई-चलान आल्यावर हे थोडं कमी झालं असं मला वाटतं. पण तिथे दुसराच रोग. चलान मोबाईलवर येतं, माणूस ‘लोकअदालत लागली की कमी करून घेऊ’ म्हणत बसतो. वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो. दंड वेळेवर, पावतीसह आणि सगळ्यांकडून वसूल झाला नाही तर तो न केलेलाच बरा.

शेवटी काय?

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर एक बस उलटून पेटली. २५ माणसं गेली. नागपूरहून पुण्याला निघालेली माणसं, आपल्यासारख्यांच्या घरातली. त्यानंतर वेगावर, टायरवर, ड्रायव्हरच्या झोपेवर खूप चर्चा झाली. मला त्या बातम्या वाचताना सारखं वाटत होतं की दंडाची खरी कसोटी ही आहे. किती रुपये जमा झाले ही नव्हे, तर किती माणसं घरी पोहोचली ही. ज्या वर्षी दंडाची वसुली कमी झाली आणि अपघातही कमी झाले, ते वर्ष यशाचं. पण सरकारी खात्याला वसुलीचं टार्गेट दिलं की हिशेब उलटा होतो. तिजोरीला आपण नियम मोडलेलेच बरे वाटतात.

तेव्हा मला सुचलेल्या चार गोष्टी सांगतो. एक, रक्कम वाढवण्याआधी सापडण्याची खात्री वाढवा. दोन, जिथे फायदा मोठा तिथे दंड फायद्याच्या हिशेबाने लावा आणि धरलेली गाडी सहज सोडू नका. तीन, जिथे जमेल तिथे ऐपत बघा, किंवा पैशाऐवजी वेळ आणि काम घ्या. चार, वसुलीतला वाटा ज्याचं नुकसान झालं त्याच्यापर्यंत पोहोचू द्या.

आणि आपल्या कॅम्पसपासूनच सुरुवात का करू नये? लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं तर रुपयाऐवजी एक तास पुस्तकं लावू द्या. हजेरी कमी असेल तर ज्युनियर्सची प्रॅक्टिकल्स सेट करायला लावा. तिथे अमक्याच्या मुलाला आणि तमक्याच्या मुलाला एकच रॅक पुसावा लागेल, आणि कुणाच्या घरचा सोयाबीनचा कट्टा बाजारात जाणार नाही. विद्यार्थी प्रतिनिधींनी हा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घ्यावा ही विनंती. ज्यांना पटत नसेल त्यांनी कॅन्टीनमध्ये भेटावं, चर्चा करू. चहाचे पैसे मात्र हरणाऱ्याने द्यायचे, जिंकणाऱ्याकडून हरकी घेणार नाही!

हो, आणि येताना हेल्मेट घालून या. बोथ्याचा घाट आणि राजूरचा घाट वळणावर पावती फाडत नाहीत.